भोक बुजवायचंय: पॉलिएस्टर की इपॉक्सी?

पावसाळा संपत आला की ताडपत्री काढायची आणि गेल्या मोसमात केसाएवढी असलेली बुडाची चीर आता बोट जाईल एवढी झालेली बघायची (हाताचं बोट, पाण्यातली नव्हे), हा छोट्या होडीवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम आहे. मग प्रश्न येतो, भोक बुजवायला रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, कोणतं घ्यायचं? बंदरावरच्या फायबरवाल्याला विचारा, तो पॉलिएस्टर म्हणेल, कारण त्याच्याकडे ड्रम उघडाच असतो. क्लबातल्या जाणकाराला विचारा, तो इपॉक्सी म्हणेल आणि पॉलिएस्टरचं नाव काढताच नाक मुरडेल. मी दोन्ही वापरली आहेत आणि दोन्हींनी हात पोळून घेतलेत, इपॉक्सीने तर अक्षरशः.

माझं म्हणणं एवढंच, की रेझिनचा डबा निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवा. होडी कशाची आहे? आणि दुरुस्तीवर सगळ्यात शेवटचा थर कसला देणार? बहुतेकांचं उत्तर इथेच निघतं.

होडी प्लायवूडची असेल, म्हणजे जुनी एन्टरप्राइज किंवा घरी बांधलेली ऑप्टिमिस्ट (दोन्ही छोट्या शिडाच्या होड्या), तर फार विचार करू नका. इपॉक्सीच. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सुकून आकसतं, आणि त्यावरचा पॉलिएस्टरचा थर दोन-तीन मोसमांत पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मग त्या पापुद्र्याखाली पाणी साचतं आणि लाकूड आतून कुजतं, वरून मात्र सगळं छान दिसत राहतं.

फायबरच्या, म्हणजे काचेचे तंतू रेझिनमध्ये बसवून घडवलेल्या होडीत खरा पेच आहे. तिची वरची चकचकीत कातडी म्हणजे जेलकोट, आणि जेलकोट हा पॉलिएस्टरच्या घराण्यातला. पॉलिएस्टरने भरलेल्या भोकावर तो नीट बसतो. इपॉक्सीवर त्याचा भरवसा नाही, नखाने सोलून निघालेला मी पाहिलाय. इपॉक्सी वापरलंत की वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग आलाच, शिवाय रंग द्यावाच लागतो, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही, पिवळं पडून पावडर सुटते. म्हणून पाण्याच्या रेषेच्या वर, नाळेजवळ (होडीच्या पुढच्या टोकाशी), येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरणारा ओरखडा असेल आणि मूळ रंगाशी मेळ घालायचा असेल, तर पॉलिएस्टर आणि जेलकोट. तळाला भोक असेल, जिथे नाहीतरी रंग चढणारच आहे, तिथे इपॉक्सीची ही अडचण उरत नाही.

आता ताकदीचं. कारखान्यात होडी घडते तेव्हा एक थर ओला असतानाच दुसरा बसतो आणि दोन्ही एकजीव होतात. तुमची होडी दहा वर्षांपूर्वीच घट्ट झालेली आहे. तिच्यावर लावलेलं कोणतंही रेझिन एकजीव होत नाही, ते फक्त चिकटतं. चिकटण्यात इपॉक्सी पुढे. पॉलिएस्टर सुकताना जास्त आकसतं, त्यामुळे ठिगळाच्या कडा ओढल्या जातात. तरीही किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या फायबर होड्या पॉलिएस्टरच्या ठिगळांवरच वर्षानुवर्षं चालतात, हे विसरू नका. त्यांचं इंगित डब्यात नाही, घासण्यात आहे. भोकाच्या कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारा पट. होडीची जाडी ५ मिलिमीटर असेल तर चहूबाजूंनी ६ सेंटिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटरच्या भोकाला २२ सेंटिमीटरचं ठिगळ. बघताना जीव वर-खाली होतो, एवढीशी चीर आणि एवढं मोठं खरवडायचं! पण इथे कंजूषपणा केला तर इपॉक्सीही वाचवत नाही.

माझं पॉलिएस्टरचं ठिगळ सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून बुडातून खाली सोडतात त्या फळीच्या) खाचेपाशी होतं. शिडावर वारा भरला की तिथे सतत पिळवटा बसतो. पुढच्या मोसमात कड उचलली. तिथे, मशीन बसतं त्या मागच्या आडव्या भागात, सुकाणूच्या बिजागऱ्यांपाशी, थोडक्यात जिथे ओढाताण आहे तिथे मी आता पैसे मोजतो. इपॉक्सी किलोमागे दुप्पट-तिप्पट महाग पडतं, पण अशा जागी लागतं किती? अर्धा किलो.

कामाचा प्रकार दोन्हींचा पार वेगळा. पॉलिएस्टर तीन बाटल्यांत येतं: रेझिन, कोबाल्ट म्हणजे घट्ट होण्याचा वेग वाढवणारं अ‍ॅक्सिलरेटर, आणि हार्डनर. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही, थेंबभरसुद्धा, मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळत असेल तर तेच घ्या. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटलीचं बूचही उघडू नका. मापात मात्र थोडी सूट आहे. साधारण १ ते २ टक्के हार्डनर चालतो. अर्धा किलो रेझिनला सिरिंजने ५ ते ९ मिलिलिटर, उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त.

इपॉक्सीत ही सूट शून्य. डब्यावर वजनाने १०० ला १० लिहिलं असेल तर १०० ला १०, आणि तेही वजनकाट्यावर. 'थोडं जास्त हार्डनर घातलं की लवकर सुकेल' असं समजून मी एकदा सढळ हाताने ओतलं. ते सुकलंच नाही, रबरासारखं लिबलिबीत राहिलं, आणि अख्खा रविवार ते खरवडण्यात गेला. दुसऱ्या खेपेला माप बरोबर घेतलं, पण सगळं एकाच मगात कालवलं. मे महिन्याची दुपार. दहा मिनिटांत मगातून धूर निघाला आणि तो उचलायला गेलो तर बोटं पोळली. थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता.

हवेचं काय? कोकणातल्या दमट हवेत इपॉक्सीवर कधी कधी तेलकट, मेणचट साय धरते. ती ॲसिटोनने पुसत बसू नका. साध्या गोड्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. पॉलिएस्टरचा त्रास उलटा: हवा लागलेला वरचा पृष्ठभाग चिकट राहतो. पुढचा थर चढवायचा असेल तर ते सोयीचंच, शेवटच्या थरात मात्र मेणाचं द्रावण मिसळा किंवा त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बसवा.

एक चूक सगळे करतात, मीही केली: दुकानातून सुट्या तंतूंची साधी मॅट आणली आणि तिच्यावर इपॉक्सी ओतलं. या मॅटमधले तंतू ज्या डिंकाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ राहते, वळणावर बसत नाही. इपॉक्सीसाठी विणलेलं काचेचं कापड घ्या.

वासावरून फसू नका. पॉलिएस्टरचा उग्र वास शेजारी तक्रार करतील इतका येतो, त्यासाठी वाफ गाळणारा कार्ट्रिजचा मास्क लागतो, कापडी पट्टीने काही होत नाही. इपॉक्सीला वास कमी, म्हणून लोक उघड्या हाताने काम करतात आणि एक दिवस अंगावर पुरळ उठतं. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, पुढे डबा उघडला तरी त्रास होतो. नायट्राइलचे हातमोजे दोन्हींसाठी.

वर्षातून एकदाच काम काढणाऱ्याने आणखी एक बघावं. उरलेलं पॉलिएस्टर आपल्या उकाड्यात काही महिन्यांतच डब्यात खरवस होऊन बसतं. इपॉक्सी झाकण घट्ट लावून सावलीत ठेवलं तर पुढच्या मोसमालाही कामी येतं. म्हणजे पाच किलो स्वस्त घेऊन चार किलो फेकणाऱ्याचा हिशेब तितकासा स्वस्त नसतो.

राहिली गॅरेजवाली लांबी, म्हणजे गाडीच्या पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी. पाण्याखाली नको, ती पाणी पिते. एम-सीलही भर पाण्यात गळती थांबवून किनारा गाठण्यापुरतंच.

आणि यातलं काहीही विकत आणायच्या आधी आजच होडी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून सावलीत ठेवा. चिरेभोवती रुपयाच्या नाण्याने ठोकत जा. टणक आवाज बदलून भद्द येऊ लागला तिथवर पेन्सिलीने रेघ मारा, तुमचं खरं भोक तेवढं मोठं आहे, ठिगळ त्याहून मोठं. दोन दिवसांनी तिथे हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर सोडा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं तर होडी अजून ओली आहे, आणखी आठ-पंधरा दिवस वाळू द्या. ओल्या फायबरवर दोन्ही रेझिनं सारखीच सुटतात.