ट्रेनर, ग्रुप क्लास, ऑनलाइन कोच की आपलं आपण? वयाप्रमाणे निवड कशी करावी

व्यायाम सुरू करायचा हे एकदा पक्कं झालं की चार वाटा दिसतात. एकट्यासाठी प्रत्यक्ष ट्रेनर लावायचा, ग्रुप क्लासला जायचं, ऑनलाइन कोच किंवा ॲप घ्यायचं, नाहीतर कोणाचीच मदत न घेता आपलं आपण करायचं. बहुतेक जण वेळ आणि पैसा बघून यातली एक वाट धरतात. ते साहजिकच आहे. पण माझा आग्रह असा, की त्याआधी आपलं गाडं नेमकं कुठे अडतं ते बघावं. कोणाला व्यायाम येतच नाही. कोणाला येतो, पण टिकत नाही. कोणी वर्षानुवर्षं नियमित करतात, पण तेच वजन उचलण्यावर अडकलेले असतात. आणि कोणाला पडण्याची किंवा जुनं दुखणं वाढण्याची भीती असते. या चौघांना एकच उपाय लागू पडत नाही. शिवाय वयाबरोबर अडचणही बदलते, त्यामुळे तिशीत बसलेली घडी साठीत चालेलच असं नाही.

तुलनेसाठी एक माप हाताशी असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम करावा. पासष्टीपुढे त्यात तोल आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामाची भर पडते, तीही आठवड्यातून किमान तीन दिवस. कोणतीही वाट घ्या, यातला कुठला भाग तिच्यात सुटतो ते आधी तपासा. काहीतरी सुटतंच.

प्रत्यक्ष ट्रेनर

चांगला ट्रेनर काय बघतो, हे एका साध्या हालचालीवरून कळेल. समजा, साठीतल्या एका बाईंना तो हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगतो. त्या उठतात. बघणाऱ्याला वाटतं, जमलं की! ट्रेनरला मात्र बरंच काही दिसलेलं असतं. पावलं खूप पुढे होती, म्हणून उठायला झोका घ्यावा लागला. वर येताना उजवा गुडघा आत वळला. श्वास रोखून धरला होता. आणि परत बसताना शेवटच्या वीतभर अंतरात त्यांनी अंग टाकून दिलं. मग तो पावलं थोडी मागे घ्यायला लावतो, खुर्चीवर एक जाड उशी ठेवून बैठक उंच करतो आणि सांगतो, ‘काकू, बसताना मनात तीन मोजत सावकाश बसा, आणि श्वास चालू ठेवा.’ पुन्हा केल्यावर गुडघा सरळ राहतो. काही आठवड्यांनी उशी निघते, नंतर हातात हलकी डंबेल्स येतात. उठण्याबसण्याची हीच हालचाल पुढे स्क्वॉट होते.

हे बघणं आणि त्याप्रमाणे व्यायाम बदलणं, यासाठीच ट्रेनरला पैसे द्यायचे. दुसरा फायदा वजनाचा. एकट्याने करताना माणूस सहसा गरजेपेक्षा हलकं वजन उचलतो. स्त्रियांवर झालेल्या २००८च्या एका अमेरिकी अभ्यासात ट्रेनरबरोबर व्यायाम करणाऱ्यांनी स्वतःहून निवडलेलं वजन एकट्याने करणाऱ्यांपेक्षा जास्त होतं आणि त्यांची ताकदही जास्त भरली. वजन हळूहळू वाढत गेलं नाही तर स्नायूंना बदलायचं कारणच उरत नाही. एकट्याने करणाऱ्यांचं घोडं बहुतेकदा इथेच अडतं.

पण नुसत्या रेप्स (एकच हालचाल किती वेळा केली ते) मोजणारा, मधल्या वेळात फोन बघणारा, सगळ्यांना एकच चार्ट देणारा ट्रेनर असेल तर यातलं काहीच मिळत नाही. पहिल्या भेटीत त्याने तुमचा आजार, औषधं, जुन्या दुखापती, छातीत दुखणं किंवा चक्कर येणं याबद्दल विचारलं का? तुम्ही उचललेलं वजन आणि रेप्स तो कुठे लिहून ठेवतो का? प्रमाणपत्र जरूर बघा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनसारख्या संस्था परीक्षा घेऊन ते देतात. पण तो तुमच्याकडे बघतो कसा, हे त्याहून महत्त्वाचं.

आणि पहिल्याच दिवशी घाम काढून उलटी होईपर्यंत राबवून घेणाऱ्यापासून लांब राहा. सवय नसलेल्या शरीरावर असा मारा झाला तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्यं रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अंग प्रचंड दुखतंय, सुजलंय आणि लघवी चहासारखी तपकिरी होतेय, असं झालं तर ‘भरून आलंय’ म्हणून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

ग्रुप क्लास

ज्यांचं सगळं नव्याच्या नऊ दिवसांत आटोपतं, त्यांच्यासाठी ग्रुप क्लाससारखी दुसरी सोय नाही. वेळ ठरलेली असते, ओळखीचे चेहरे असतात, दोन दिवस दिसला नाहीत तर कोणीतरी विचारतं. दम वाढवायला, लवचिकपणा टिकवायला क्लास उत्तम. मोठ्या वयात एकटं पडलेल्यांना तर ही सोबत औषधासारखीच लागू पडते.

उणीव एकच, पण मोठी. वीस जणांना एकच ताल आणि बहुतेकदा एकच वजन. ज्याला तो व्यायाम सोपा आहे त्याची प्रगती थांबते आणि ज्याला अवघड आहे तो चुकीच्या पद्धतीने रेटत राहतो. म्हणून क्लास आजमावायला जाल त्या दिवशी एवढंच बघा, की शिक्षक समोर उभं राहून फक्त स्वतःचा व्यायाम करतात की मधून फिरतात. गुडघा दुखणाऱ्याला दुसरा पर्याय दाखवतात का? दाखवत असतील तर बिनधास्त नाव घाला.

ऑनलाइन कोच आणि ॲप

ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. ऑनलाइन कोच म्हणजे माणूस. तुम्ही स्क्वॉटचा व्हिडिओ पाठवता, तो बघून ‘टाचा उचलल्या जातायत’ असं कळवतो आणि पुढच्या आठवड्याचं वजन ठरवतो. ज्याला मूळ हालचाली येतात, ज्याची नोकरी फिरतीची आहे किंवा जवळपास चांगला ट्रेनर नाही, त्याला हे छान पुरतं. नवशिक्याला मात्र आपलं काय चुकतंय हे कळत नाही, म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा हेही कळत नाही.

ॲप आठवण करून देतं, नोंद ठेवतं, पुढचा व्यायाम सुचवतं. बस. त्यावर किंवा घड्याळावर दिसणाऱ्या आकड्यांवर आंधळा भरवसा ठेवू नका. ‘२२० वजा वय’ हे कमाल नाडीचं सूत्र सरासरी सांगतं. एखाद्या माणसाची खरी कमाल त्याहून दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं सर्रास घडतं. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधं नाडीचा वेगच कमी ठेवतात, तेव्हा तर ते सूत्र कामाचंच राहत नाही. त्यापेक्षा बोलून बघण्याची कसोटी सोपी आणि भरवशाची. व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग मध्यम. दोन-चार शब्दांवर थांबून श्वास घ्यावा लागतोय, तर जोरकस.

आपलं आपण

चालणं कोणाच्याही मदतीशिवाय आज सुरू करता येतं आणि त्याचा उपयोग खरा आहे. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. कंडक्टरांना कोणी कोच नव्हता.

तरी फक्त चालण्यावर थांबू नये. हृदय आणि दम सांभाळला जातो, पण ताकदीचे दोन दिवस राहून जातात. वर्षानुवर्षं रोज नेमाने फिरणाऱ्या माणसालाही जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, ते यामुळेच. आणि सवय लागायला वेळ द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. महिन्याभरात सवय लागली नाही म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असं समजायचं कारण नाही.

कोणत्या वयात काय

मुलांचं थोडक्यात. ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी. त्यांना ट्रेनरपेक्षा मैदान, सोबती आणि दोन-तीन वेगवेगळे खेळ द्या. वजन उचलल्याने उंची खुंटते, ही भीती निराधार आहे. मात्र किशोरवयात वजनं उचलायची तर जाणत्या माणसाच्या नजरेखाली, आधी हालचाल नीट बसवून.

वीस ते पस्तीसमध्ये शरीर बरंच माफ करतं. एखादा महिना ट्रेनरकडून मूळ हालचाली शिकून घ्या: बसणं-उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं. पुढे ऑनलाइन कोच किंवा स्वतःची वही पुरते.

चाळीस-पन्नाशीत बहुतेकांची अडचण ‘मधे दहा वर्षं काहीच केलं नाही’ अशी असते. त्यांना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. १९६६ मध्ये डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं गेलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला दमाचा व्यायाम त्यांना दिला, आणि वयापोटी गेलेली ती क्षमता परत आली. पन्नाशीत. तेव्हा उशीर झाला, हे मनातून काढून टाका. या वयात निवड करताना ताकदीला प्राधान्य द्या. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीपुढे हा वेग वाढतो. फक्त नाचाचा किंवा फक्त सायकलचा क्लास घेत असाल, तर ताकदीसाठी वेगळी सोय लावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि त्यांनी सांगितलेलं ट्रेनरपर्यंत पोहोचवा.

साठीपुढे माझं मत ठाम आहे: सुरुवात प्रत्यक्ष माणसाकडूनच करा. तोलाचे व्यायाम पडद्यावर बघून एकट्याने करणं धोक्याचं आहे, कारण तोल जाईल तेव्हा हात द्यायला कोणीतरी शेजारी हवं. आणि ‘या वयात आता काय वजनं उचलायची’ असं आईवडिलांना म्हणू नका, म्हणू देऊ नका. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम देखरेखीखाली दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

रोज ट्रेनर परवडणार नाही, ही अडचण खरी आहे. पण रोजची गरजही नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने वृद्धांसाठी पायांची ताकद आणि तोल यांचा कार्यक्रम आखला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऐंशीपुढच्या स्त्रियांकडे फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली. तिने व्यायाम ठरवून शिकवला. बाकी त्या आठवड्यातून तीनदा अर्धा तास स्वतः करत आणि जमेल तसं चालत. अशा चार चाचण्या एकत्र पाहिल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेलं आढळलं.

मला हीच मांडणी फक्त वृद्धांसाठी नाही, बहुतेकांसाठी योग्य वाटते. सुरुवातीला काही प्रत्यक्ष भेटी, मग आपलं आपण किंवा क्लास, आणि महिना-दीड महिन्याने ट्रेनरकडे एक उजळणी. वर्षभर रोजचा ट्रेनर लावण्यात जाणारा पैसा अशाने वाचतो. दुखापतीनंतर, बाळंतपणानंतर, मोठ्या आजारातून उठल्यावर किंवा एकदा पडल्यानंतर पुन्हा काही भेटी घ्याव्यात. त्यांत दुखणं ताजं असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट, मग ट्रेनर.

ट्रेनरशी बोलणी करताना हा बेत त्याला सरळ सांगा: ‘मला आठ भेटींत एवढं शिकवा, की पुढे मी घरी करू शकेन.’ जो लगेच वही काढून पहिल्या दोन आठवड्यांचं नियोजन मांडायला लागतो, त्याच्याकडे जा. जो वर्षाचं पॅकेज पुढे सरकवतो आणि जोडीला पावडरचा डबा दाखवतो, त्याला नमस्कार करून निघा. तीन महिन्यांनी स्वतःची परीक्षा घ्या. ३० सेकंदांत हात छातीवर धरून खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा वाढला नसेल आणि तुम्ही नियमित जात असाल, तर वजन वाढवायला सांगा. तरीही हलला नाही तर कोच बदला.