पॅकेट नोड: हार्डवेअर टीएनसी की डायरवुल्फ?

हॅम रेडिओवर डेटाची पॅकेट्स पुढे पाठवणारं केंद्र म्हणजे पॅकेट नोड. तो डोंगरमाथ्यावर, जिथे कुणी सहसा फिरकणार नाही अशा जागी बसवायचा असेल तर हार्डवेअर टीएनसी, म्हणजे डेटाचे सूर आणि सुरांचा डेटा करणारी रेडिओला जोडायची पेटी, बरा. वीज येताच कामाला लागतो. केपीसी-३सारख्या टीएनसीत तर साधा नोड आतच असतो.

हॅम क्लबच्या खोलीत मात्र मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचं डायरवुल्फ, म्हणजे टीएनसीचं काम करणारं सॉफ्टवेअरच निवडेन. डेटा वाहून आणणारे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर ते साउंड कार्डातून ऐकतं आणि आलेल्या प्रत्येक पॅकेटची ऑडिओ लेव्हल पडद्यावर दाखवतं. आकडा ५०च्या आसपास ठेवा, फारच वर गेला तर आवाज उतरवा. नवशिक्यांना यातून जे कळतं, ते टीएनसीच्या मिणमिणत्या दिव्यांवरून कळणं कठीण! शिवाय लिनबीपीक्यू हे नोडचं सॉफ्टवेअर जोडलं की संदेश साठवणारा मेलबॉक्सही तिथेच. फक्त अचानक वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून बॅटरी हवीच.