८७ तास उडालो, कागदावर मात्र हमाल

आफ्रिकेत कॅरव्हॅन या छोट्या विमानावर 'लाइन ट्रेनिंग' (प्रत्यक्ष फेऱ्यांवर बसून उड्डाणाचा सराव) देतो म्हणणाऱ्या एजंटांचे मेसेज पुन्हा फिरू लागलेत, म्हणून लिहितोय. नाव कुणाचंच घेत नाही.

२०१९ साली मी बेकार पायलट होतो. बारामतीला उड्डाणाचे तास पूर्ण करून कमर्शियल लायसन्स हातात आलं आणि त्याच एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली. हजारो तासांचे कॅप्टन नोकरीसाठी वणवण फिरत होते, तिथे माझ्या २०० तासांना कोण विचारणार? घरी कर्जाचा हप्ता सुरू होता. बाबा काही बोलत नसत, आणि तेच जास्त लागायचं.

अशात पुण्यातला एक एजंट भेटला. गोड बोलणारा माणूस, मला 'कॅप्टन' म्हणूनच हाक मारायचा. (त्याआधी मला कुणीच कॅप्टन म्हटलं नव्हतं. अर्धं काम तिथेच झालं.) नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मालवाहू सेसना कॅरव्हॅन, उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर ३०० तास, टर्बाइन इंजिनाचा अनुभव. १२,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे साडेआठ लाखांच्या आसपास, तीन हप्त्यांत. पावती 'सल्ला शुल्क' म्हणून मिळाली. ती मी नीट वाचलीसुद्धा नाही. करारात '३०० तासांपर्यंत' लिहिलं होतं. त्या 'पर्यंत'ने माझा घात केला.

विल्सन मात्र खरं होतं. विमान खरं, माल खरा, कामही खरं. म्हणून तर शंका आली नाही. माल म्हणजे मिरा, ज्याला 'खात' असंही नाव आहे. चघळून हलकी नशा येते अशा कोवळ्या फांद्या. केनियातल्याच मेरू भागाकडून टोयोटा पिकअप जीव खाऊन पळवत पहाटे केळीच्या पानांत गुंडाळलेल्या जुड्या धावपट्टीपाशी आणायचे. पाला शिळा झाला की भाव पडतो, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. तिथून सोमालियाची राजधानी मोगादिशू. विल्सन समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत लादलेली कॅरव्हॅन धावपट्टी संपत आली तरी उचलायला मागत नाही. खाली नॅशनल पार्कचं गवत दिसायला लागलं की माझा घसा कोरडा व्हायचा.

लोडशीटवर, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कागदावर लिहिलेलं वजन आणि विमानाच्या पोटात भरलेलं वजन एक नव्हतं, हे मला दुसऱ्या फेरीतच कळलं होतं. गठ्ठे मोजायला फारशी अक्कल लागत नाही. मी गप्प बसलो. कॅप्टन चांगला होता, वर गेल्यावर विमान माझ्या हातात द्यायचा, चहा-मंदाझी खाऊ घालायचा. शिकतोय ना, मग कशाला बोला, असं मनाला समजावलं. यात फसवणारा एकटा एजंट नव्हता, एवढं कबूल करायला हवं.

तेरा फेऱ्या झाल्या, ८७ तास. एकदा परतीच्या वाटेवर केनियातल्या वाजिरला उतरलो. तपासणीसाठी कागद काढले, तेव्हा जनरल डिक्लरेशन, म्हणजे विमानात कोण आणि काय आहे ते सांगणारा सरकारी कागद, पहिल्यांदा माझ्या हातात आलं. क्रूच्या यादीत कॅप्टनचं नाव होतं. खाली माझं. हुद्दा: लोडर.

कॅप्टनला विचारलं. तो सहज म्हणाला, "तुझं व्हॅलिडेशन कुठे आलंय?" परदेशी लायसन्सवर तिथे व्यावसायिक उड्डाण करायचं तर केनियाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने ते मान्य करावं लागतं, वर वर्क परमिट. माझा व्हिसा पर्यटकाचा. एजंट म्हणायचा, 'प्रोसेसमध्ये आहे'. प्राधिकरणाच्या खिडकीवर जाऊन चौकशी केली, तर माझ्या नावाचा अर्जच नव्हता.

त्याहून मोठी गोम पुढे कळली. कॅरव्हॅन एकाच पायलटवर चालणारं विमान आहे. त्या उड्डाणाला दोन पायलट लागतात असं नियमात किंवा ऑपरेटरच्या, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीच्या मंजूर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल, तर उजव्या सीटवर बसलेला माणूस कायद्याच्या लेखी सहवैमानिक नसतोच. त्या ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये तसं काही नव्हतं. म्हणजे कागदपत्रं झाली असती तरी माझे तास शून्यच. आणि विमान पडलं असतं तर विम्यात मी कोण? पाल्याबरोबरचा हमाल.

मी भांडलो तेव्हा ऑपरेटरच्या ऑफिसातल्या बाईने शांतपणे उपाय सुचवला: "लॉगबुकात लिहून टाक ना, शिक्का मारून देते." ३०० लिहिले तरी चालतील म्हणे. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. रात्रभर पेन घेऊन बसलो होतो. पण २०११ मध्ये आपल्याकडे बनावट मार्कशीटवर लायसन्स काढणाऱ्या पायलटांना झालेल्या अटका मला आठवत होत्या. पेनाने उडवलेले तास कधीतरी टेकलॉगशी, म्हणजे विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी ताडून बघितले जातात.

जानेवारी २०२० मध्ये परत आलो. मार्चमध्ये सोमालियाने केनियाचा मिरा बंद केला, पाठोपाठ लॉकडाऊन. ऑपरेटरचा फोन लागेना. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "सल्ला शुल्क लिहिलंय. सल्ला दिला ना त्याने?"

आता कुणी मुलगा विचारायला आला की मी चार कागद मागायला सांगतो. ऑपरेटरच्या परवान्याची प्रत, आणि तो नंबर स्वतः त्या देशाच्या प्राधिकरणाला मेल करून तपासायचा, एजंटच्या हातून नाही. व्हॅलिडेशनच्या अर्जाची पोच. मॅन्युअलमधलं ते पान, जिथे या विमानावर दोन पायलट लागतात असं लिहिलंय. आणि आधी जाऊन आलेल्या मुलाचं एखादं जनरल डिक्लरेशन, त्यात त्याचा हुद्दा काय आहे ते बघायला. पहिला हप्ता या चारांनंतर.

गेल्या महिन्यात नांदेडच्या एका मुलाने हे चारही मागितले. या वेळी देश वेगळा होता, आवाज तोच. एजंट त्याला म्हणाला, "कॅप्टन, इतका संशय असेल तर तुमची सीट दुसऱ्याला देतो." मुलगा विचारत होता, दादा, खरंच दुसऱ्याला देईल का? मी म्हटलं, देईल.