मंगळावर जायचं तर कोणासंगं: बरोज की ब्रॅकेट?

भागवतांच्या मराठीतला व्हर्न वाचून झालेला, फास्टर फेणे तर पाठच, आता इंग्रजीत हात घालायचा आहे आणि जुन्या ग्रहांवरच्या साहसकथाच पाहिजेत, तर आधी एडगर राईस बरोज घेऊ की ली ब्रॅकेट, असं आमच्याकडची पोरं विचारत राहतात. दोघंही जुने अमेरिकन लेखक, आणि दोघंही मंगळावरच नेतात. मी दोन्ही मंगळांवर भरपूर फिरलो, तेही रात्रीच्या लाईनीवर, हरभऱ्याला ओलीत चालू, मोबाईल पोत्याला टेकवलेला आणि एक कान मोटारीकडे. त्यामुळं माझं मत थोडं वावरातलंच आहे, गावातल्या किंवा पुण्यामुंबईच्या माणसाला वेगळं वाटू शकते, ते धरूनच वाचा.

विज्ञानाच्या नावाखाली दोघांना तोलायच्या भानगडीत पडू नका, तिथं दोघंही सारखेच नापास आहेत. कालवे, जुनी शहरं, तलवारी घेऊन फिरणारे मंगळवासी, हे सगळं १९६५ मध्ये मरिनर ४ या अमेरिकन यानानं जवळून फोटो पाठवले तेव्हाच संपलं, फोटोत नुसते खड्डे. बरोजच्या काळात निदान पर्सिव्हल लोवेलसारखा खगोलशास्त्रज्ञ कालव्यांवर पुस्तकं लिहून राहिला होता, ब्रॅकेटनं १९४९ मध्ये लिहिलं तेव्हा तो भरवसाही बराच उडालेला, तरी तिनं कालवे ठेवले. म्हणजे खरंखोटं पाहून कोणी हे वाचत नाही. आपण मंगळयान पाठवलं तरी वाचतो, आता बोला.

बरोजचं चांगलं काय ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस एका बाजूचा आहे. 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' १९१२ मध्ये मासिकात क्रमशः आली, टोपणनावानं, पुस्तक झालं १९१७ ला. त्याआधी हा पस्तिशीचा गडी पेन्सिलीचे शार्पनर विकायच्या धंद्यात होता. पण त्यानं आपल्या हिरोला, जॉन कार्टरला, मंगळावर उतरवलंय ती सुरुवातीची पानं, राजेहो, आजही तोड नाही. गुरुत्व आपल्या ३८ टक्के, त्यामुळं हा चालायला जातो आणि उडून पडते, मोठा कॅप्टन माणूस पण लेकरासारखं चालणं शिकते. मग चार हातांचे हिरवे लोक, त्यांच्यातला टार्स टार्कस, आणि दहा पायांचा तो वूला, जो दिसायला भयंकर आणि जीव लावण्यात कोणत्याही कुत्र्याच्या वरताण. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन लहानपणी मोकळ्या जागेत हात पसरून मंगळाला म्हणायचा की मलाही ओढून घे, ते याच पुस्तकांमुळं. शिवाय फुकट आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या वेबसाइटवरून उतरवा, नेट नसलं तरी चालते.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब, कार्टरभाऊ स्वतःची तारीफ मनसोक्त करतात, आणि सुरुवातीला ॲरिझोनातल्या अपाचे लोकांबद्दल जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. दुसरं म्हणजे एक पुस्तक वाचून उठतो म्हणाल तर उठू शकत नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायिका अशा कोठडीत बंद होते की जी वर्षातून एकदाच समोर येते, आणि तिथंच पुस्तक खतम. म्हणजे तीन भाग सलग धरूनच बसा, वेचणीच्या दिवसात तर सुरूच करू नका.

एवढं सगळं मला चाललं असतं. मला जे खटकलं ते वेगळंच आहे, कोणाला हसू येईल पण सांगतो.

बरोजचा मंगळ मरायला टेकलेला ग्रह आहे. समुद्र आटले, हवा कारखान्यात तयार करावी लागते, सगळे पाण्यासाठी ध्रुवावरच्या बर्फाकडं डोळे लावून. ठीक. मग शेतीचं वर्णन येते. ध्रुवावरचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवतात, पंपानं लांबलांब नळातून आणतात, आणि वावरात मोकळं पाणी सोडत नाहीत, बारीक नळ्यांनी थेट मुळाशी देतात. म्हणजे ठिबकच की हो, १९१२ मध्ये! मी तर उठून बसलो. आणि त्याच्याच पुढं लगेच लेखक सांगून टाकतो की मंगळावर पीक नेहमी एकसारखं येते, कारण तिथं दुष्काळ नाही, पाऊस नाही, जोराचा वारा नाही, किडी नाहीत, पाखरं नाहीत.

किडी नाहीत! बोंडअळीच्या मुलखात बसून हे वाचा एकदा. ग्रह मरून राहिला आणि शेतकरी मात्र मजेत.

हे एकदा डोक्यात बसलं की मग सगळीकडं तेच दिसायला लागते. हिरव्या लोकांना पाणी नावाला लागते. त्यांची जनावरं शेवाळावर जगतात, पाण्यावाचून त्यांचं अडत नाही. कार्टरला एक झाड मिळते जे जवळपास पाण्याशिवाय वाढते आणि रोज बादलीभर दूध देते. बरोजनं मोठ्या हुशारीनं एकेक भोक बुजवलंय जेणेकरून हिरोला लढायला मोकळा वेळ मिळावा. पण त्यामुळं झालं काय, पाण्यावाचून मरणाऱ्या ग्रहावर कोणाचा घसा कोरडा पडला असं मला तरी वाचताना कुठं जाणवलं नाही. अकरा पुस्तकं आहेत मालिकेत, पुढच्यांमध्ये कुठं असेलही, कोणी दाखवलं तर आनंदच आहे. पण आमच्याकडं एप्रिलपासून टँकरची वाट पाहणारा माणूस या मंगळावर मनानं पूर्ण पोचत नाही. फिरून येतो, मजा करतो, पण राहायला जात नाही.

आता ब्रॅकेट. ही बाई लहानपणी बरोजचंच 'द गॉड्स ऑफ मार्स' वाचून या नादाला लागली. पुढं सिनेमाच्या पटकथा लिहिल्या, 'द बिग स्लीप' आणि 'रिओ ब्राव्हो'त तिचा हात आहे, आणि १९७८ मध्ये वारली त्याच्या थोडं आधी 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा पहिला खर्डा देऊन गेली. सिनेमावाल्यांची सवय लिखाणात दिसते, वाक्य छोटं, प्रसंग लगेच सुरू. डिक्शनरी कमी उघडावी लागते, आणि मराठी शाळेत शिकलेल्या पोराला ही गोष्ट लहान नाही.

तिचा हिरो एरिक जॉन स्टार्क बुधावरच्या मूळ रहिवाशांत वाढलेला, पृथ्वीच्या पोलिसांच्या यादीत असलेला, कोणाचाच नाही असा माणूस. १९४९ च्या 'क्वीन ऑफ द मार्शियन कॅटाकोम्ब्स'मध्ये तो कालव्याकाठच्या व्हाल्किस गावात येतो. तिथं पूर्वी समुद्र होता, समुद्र मागं हटत गेला तसं गाव त्याच्या मागं खाली सरकत गेलं, आणि वर टेकडीवर जुनी गावं एकावर एक ओस पडलेली. कोणी भाषण देत नाही की ग्रह मरून राहिला म्हणून. गाव पाण्यामागं गेलं, बस. धरणाचं पाणी मे महिन्यात उतरलं की बुडीत गावाच्या देवळाचा कळस वर येतो, तसं वाटलं मला.

आणि मग तो वाळवंट ओलांडायचा प्रसंग. वादळात स्टार्क आणि एक बाई टोळीपासून तुटतात, पाणी संपते, आणि ब्रॅकेट तिथून पटकन पुढं पळत नाही, चालवत राहते त्यांना. जीभ, ओठ, पाय, सगळं तुमच्या अंगावर येते. शेवटी एका पडक्या जागी वाळूखाली दबलेली विहीर सापडते, आणि ती कशी सापडली यातच कथेचं सगळं गुपित आहे, म्हणून पुढं बोलत नाही. पण एक सांगतो, साहसकथेतला सगळ्यात मोठा प्रसंग विहीर सापडणं असू शकतो, हे बरोजच्या डोक्यात आलंच नसते. मी तिथंच फुटलो त्या पार्टीतून.

ब्रॅकेटमध्ये खोट नाही असं नाही. उदास आहे, हसायला जवळपास काही नाही, वूलासारखं लळा लावणारं कोणी नाही. स्टार्कची मंगळावरची दुसरी कथा 'ब्लॅक अमेझॉन ऑफ मार्स' सगळी बर्फाकडची, मला ती जरा कमी भावली, पण गुटेनबर्गवर मिळते तर वाचून पहा. आणि नावांचा घोळ लय आहे. कॅटाकोम्ब्सवालीच कथा वाढवून १९६४ मध्ये 'द सीक्रेट ऑफ सिन्हारात' झाली, अमेझॉनवाली 'पीपल ऑफ द टॅलिस्मन' झाली. विकत घेणार असाल तर ही नावं लिहून ठेवा, नाहीतर एकाच विहिरीचे दोनदा पैसे जातील.

तर आठवी-नववीतलं पोर असेल तर मी त्याला बरोजचा पहिला भागच देईन, निदान हिरव्या लोकांचा भाग संपेपर्यंत, त्या वयात उड्या मारणारा माणूसच पाहिजे. बाकी कोणीही असेल, त्यातही घरी विहीर-बोअर असेल किंवा आटलेली असेल, तर माझं ऐकून ब्रॅकेट आधी घ्या, एका-दोन रात्रीत होते. आवडली नाही तर बरोज फुकटच आहे, तोवर डाउनलोड करून ठेवा. फक्त कॅटाकोम्ब्स सुरू करायच्या आधी कोणाचा रिव्ह्यू वाचू नका, विहिरीचं कोणी ना कोणी फोडतेच.