आंब्यासाठी मिथाइल युजेनॉलचा फळमाशी सापळा: घ्यावा का?

घ्यावाच, पण वेळेत. काढणीच्या तोंडावर लावला तर डबी माश्यांनी भरते, आंबा मात्र आतून किडलेलाच निघतो. मिथाइल युजेनॉल हे सापळ्यातलं वासाचं आमिष, त्याला फक्त नर फळमाश्या येतात. (तुळशीतही हेच द्रव्य असतं, म्हणून तिच्यावर नर घोंघावताना दिसतात.) एकदा मिलन झालेली मादी सापळ्याकडे फिरकत नाही, ती पाडाला आलेल्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. म्हणून फळं पक्व होण्याच्या महिना-दीड महिना आधी, एकरी 4 सापळे, सावलीत, डोक्याच्या उंचीवर टांगा.

आमिष भिजवलेला प्लायवूडचा ठोकळा कापसाच्या बोळ्यापेक्षा सरस, वास जास्त टिकतो. त्यात कीटकनाशक असतं, हातमोजे घाला. टांगायच्या तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या पळवतात आणि किती सापडल्या ते कळत नाही. डबीला पाणी निथळायला तळाशी भोक नसेल तर ती घेऊच नका.

नुसत्या सापळ्यावर भागत नाही. गळलेल्या फळातली अळी जमिनीत जाऊन कोष करते, तेव्हा पडलेले आंबे रोज वेचून खोल पुरा. काकडी-कारल्याच्या माशीला क्यू-ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. स्वयंपाकघरातली चिलटं यात येणार नाहीत. ती आंबलेल्या फळाची गिऱ्हाइकं.