बामणोलीच्या अलीकडचं कॅम्पिंग : ट्रेलर लावायला जागा एक नंबर, बाथरूमचं तेवढं बघा

२६ जानेवारी सोमवारी आला म्हणून आमच्या ट्रेलरवाल्या (गाडीमागं ओढायचे, आत झोपायची सोय असलेले ट्रेलर) ग्रुपचं गॅदरिंग यंदा शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर ठेवलं होतं, कास सोडून खाली उतरलं की बामणोलीच्या थोडं अलीकडे. शनिवारी जाऊन सोमवारी परत. तिथल्या कॅम्पिंगचा हा रिव्ह्यू. जागेचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि मालक माणूस चांगला आहे, ग्रुपमधल्यांना माहितीच आहे.

आधी एक सांगतो, त्या बाजूला आता टेंटवाले ढीगभर झालेत आणि सगळ्यांच्या फोटोत तेच असतं, पाणी, डोंगर, लायटिंगच्या माळा, शेकोटी. व्ह्यू बघून बुकिंग करू नका. शिवसागरच्या काठावर कुठेही बसा व्ह्यू फुकटच आहे. ट्रेलर घेऊन जाणाऱ्याने विचारायचं ते असं की मेन रस्त्यावरून आत यायला वळण केवढं आहे, जमीन मुरमाची का काळी, आत गेल्यावर गाडी फिरवायला जागा आहे का, पाणी कुठलं, संडास किती. बहुतेक ठिकाणी फोनवर हे विचारलं की समोरचा गप्प होतो, नाहीतर "या ना सर, सगळं होऊन जाईल" म्हणतो. इथले मालक (सगळे त्यांना आबाच म्हणतात) त्यांनी उलटा मलाच प्रश्न केला, "लांबी किती हुकापासनं? आन एक्सल एक का दोन?" तिथंच ठरवलं की इथंच जायचं.

रस्त्याचं सांगायचं तर सांगली-मिरजेकडून येणाऱ्यांनी वेळ हातात ठेवून निघा, कागल ते शेंद्रे सहापदरीकरणाच्या कामाने जिथं तिथं डायव्हर्जन आहेत आणि ट्रेलर मागं असला की ते आयत्या वेळी डावीकडं वळा प्रकरण त्रासाचं होतं. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कास, तिथून खाली बामणोली, एकूण पस्तीसेक किलोमीटर. डिझेल साताऱ्यातच भरा. चढाचं काही वाटत नाही, खरी परीक्षा कासवरून खाली उतरताना आहे. पठार साधारण १२०० मीटरवर आणि धरण भरलं की पाण्याची पातळी ६६० च्या आसपास, म्हणजे पाचशे मीटरच्या वर उतार आणि तो पण अरुंद रस्त्याने. सेकंड गिअरला टाकून इंजिनवर उतरवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आमच्यातल्या एमएच १२ वाल्या एका मोठ्या ऑटोमॅटिक गाडीच्या ब्रेकचा खाली पोचेस्तोवर असा वास सुटला होता की वहिनी गाडीतून उतरून चालतच आल्या पुढं. आणि वळणावर ट्रेलरचं आतलं चाक गाडीच्या चाकापेक्षा आत कापतं हे लक्षात ठेवून वळण थोडं मोठं घ्या, काही ठिकाणी साईडपट्टी खचलेली आहे.

पाण्याची टाकी घरून भरून आणायची काही गरज नाही, १०० लिटर म्हणजे सरळ १०० किलो घाटातून ओढत आणायचे, कशाला. इथं वरच्या झऱ्यावरून पाईप टाकून पाणी आणलंय, चोवीस तास येतं आणि गार असतं. प्यायला आम्ही आपलं उकळून घेतलं, पण आबांच्या घरचे तसंच पितात.

आता जागा. ही जागा आबांच्या जुन्या खळ्याची आहे, मुरमाड, वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झालेली, उतार इतका कमी की बहुतेकांना एका चाकाखाली एक फळी टाकली की लेव्हल मिळाली. जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं आधाराचं छोटं चाक) मातीत रुतलं नाही, स्टॅबिलायझरचे पाय खाली सोडले ते सोमवारपर्यंत तसेच. गेट मोठं आहे कारण ट्रॅक्टर-ट्रॉली आत यायची सोय आधीपासूनची. कॅम्पिंगसाठी म्हणून जे नवीन बांधतात त्यांना हे सुचत नाही, दोन खांब आणि वर कमान, त्यातून फक्त कार जाईल.

आणि इथल्या सर्व्हिसचा सगळ्यात भारी पार्ट म्हणजे आबांचा पुतण्या. पोरगं चोवीस-पंचवीसचं, आदल्या सीझनपर्यंत कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचं. आमच्यातले एकजण, कुपवाडमध्ये फॅब्रिकेशन करून घेतलेला नवाकोरा ट्रेलर, पहिल्यांदाच एवढ्या लांब आणलेला, रिव्हर्स घेताना सारखा ट्रेलर मुरगाळायचा आणि गाडीला काटकोनात यायचा. आम्ही सगळे चारी बाजूंनी ओरडतोय, कोण म्हणतंय डावीकडं, कोण म्हणतंय पुढं घे, त्यांच्या मिसेसचा चेहरा लाल. पोरगं शांतपणे खिडकीपाशी गेलं आणि म्हणालं, "दादा, तुम्ही त्यांचं ऐकू नका. हात स्टेरिंगच्या खालच्या बाजूला धरा. आता ट्रॉलीचं ढुंगण जिकडं न्यायचंय तिकडं हात न्या. बास." आणि काय सांगू, दुसऱ्या झटक्यात ट्रेलर बरोब्बर दोन झाडांच्या मधे. त्याचं लॉजिक सरळ आहे, ट्रेलर डावीकडं पाहिजे तर स्टेअरिंग उजवीकडं फिरायला लागतं आणि हात खाली धरला की ते आपोआप होतं, डोकं चालवायला लागत नाही. वर म्हणतो कसा, "ही बारकी हाय म्हणून लगेच मुरगाळती, लांब ट्रॉली दम धरती." हे पण खरंय, हुक ते एक्सल अंतर कमी असलं की ट्रेलर लगेच तिरका होतो. यूट्यूबवर अर्धा तास बघून जे समजलं नव्हतं ते तिथं सगळ्यांना समजलं. नंतर दोघा-तिघांनी रिकाम्या खळ्यात प्रॅक्टिस पण करून घेतली त्याच्याकडून. त्याने पैसे घेतले नाहीत, आम्ही बळंच खिशात कोंबले.

पाण्यापर्यंत मात्र ट्रेलर नेऊ नका, कोणी कितीही म्हणू दे. जानेवारीत पाणी ओसरायला लागलेलं असतं आणि काठाची जमीन वरून वाळलेली, भेगा पडलेली दिसते, खाली सगळा गाळ. शेजारच्या कॅम्पमधल्या एकाने फोटोसाठी एसयूव्ही खाली घातली, फोर बाय फोर आहे म्हणून. पुढची दोन्ही चाकं आतमधे. शेवटी आमच्याच आबांचा ट्रॅक्टर गेला काढायला. शिवाय ती जमीन आबांची पण नाही, धरणात गेलेली आहे. त्यांचं जुनं घर कुठं होतं ते त्यांनी हात करून दाखवलं, समोर निव्वळ पाणी. १९६० च्या दशकात कोयना धरण झालं आणि हे सगळं खोरं उठलं, आबा मग मुंबईला माथाडीत होते बरीच वर्षं. ते हे सगळं चहा गाळता गाळता सांगत होते, विषय वाढवला नाही, आम्ही पण नाही.

जेवण घरचं आणि त्याला नावं ठेवायला जागा नाही. शनिवारी रात्री धरणातले मासे, रविवारी सकाळी पोहे, दुपारी भरली वांगी, नाचणीची भाकरी, खर्डा आणि भात. मासे तव्यावर नुसते मीठ, हळद, तिखट लावून, बाहेर हॉटेलात रवा थापून देतात तसले नाहीत. काकू भाकरी चुलीवर समोरच करत होत्या आणि एक जण तीन भाकऱ्यांवर थांबला तर "आवो पाव्हणं, लाजताय व्हय" म्हणून चौथी टाकली. व्हेजवाल्यांचं वेगळं तवा-पातेलं होतं, न सांगता, हे विशेष. फक्त चहा लय गोड, आधीच सांगा.

आता तक्रारी. संडास दोन आणि बाथरूम एक, आणि आम्ही बाराएक कुटुंबं. सकाळी साडेसहाला जी लाईन लागली ती दहाला संपली. गरम पाणी बंबाचं, लाकूड घालून तापवायचं, मस्त कडक पाणी येतं पण एका बंबात दोन-तीन जणांच्या आंघोळी, परत भरा परत तापवा. आमच्यातल्या ज्येष्ठांचे हाल झाले. टेंटवाल्या दहा-पंधरा पोरांना हे चालून जातं, ती आंघोळच करत नाहीत, फॅमिली ग्रुपला नाही चालत.

पोर्टेबल टॉयलेटवरून थोडं वाजलं. आमच्या दोघांनी निळं केमिकल टाकून आणलेलं आणि सोमवारी ते आबांच्या टाकीत रिकामं करायला निघाले. आबा म्हणाले नाही. आमचे म्हणाले मग टाकायचं कुठं. आबांचं बरोबर होतं, त्या निळ्या औषधाने सेप्टिक टँकमधले घाण कुजवणारे जंतू मरतात आणि मग टाकी तुंबते, मागच्या ग्रुपने तेच करून ठेवलं होतं म्हणे. दोघांनी झाकण घट्ट लावून तसंच घरी नेलं, गाडीत काय वातावरण असेल ते विचारू नका. ग्रुपला सूचना, पुढच्या वेळी केमिकल अजिबात नको, साधं पाणी टाकून आणा, मग आबा टाकीत ओतू देतात.

लाईटचं पण असंच. सगळ्या मैदानाला एक बोर्ड, त्याला एक १५ ॲम्पिअरचा सॉकेट आणि तिथून पातळ वायरची एक्स्टेंशन ओढलेली. रविवारी संध्याकाळी कोणीतरी ट्रेलरमधे इंडक्शन लावलं आणि एमसीबी पडला तो आबांच्या घरातल्या टीव्हीसकट. ज्यांच्याकडे लिथियम बॅटरी होती त्यांना फरक पडला नाही. १२ व्होल्टची १०० एएचची बॅटरी म्हणजे बाराशे-तेराशे वॅट-अवर, त्यात छोटा फ्रीज, दोन एलईडी आणि मोबाईल आरामात रात्र काढतात आणि सकाळी सोलर लावलं की परत भरायला लागते. इंडक्शन त्याच्यावर पण लावू नका, गॅस कशासाठी आणलाय.

थंडी चांगलीच असते आणि पहाटे दव एवढं पडतं की ऑनिंगवरून (ट्रेलरला लावलेल्या कापडी छतावरून) पाणी ठिबकतं. ज्यांनी थंडी म्हणून ट्रेलरच्या सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या त्यांच्या आतल्या कापडाला पण पाणी सुटलं, अंथरूण दमट. वरची जाळी दोन्ही बाजूंनी चार बोटं उघडी ठेवा आणि एक पांघरूण जास्त घ्या.

शेकोटीची शिस्त मला फार आवडली. कापलेला लोखंडी ड्रम आहे, त्यातच पेटवायची, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या, वारा सुटला की आबा स्वतः येऊन विझवतात. कोणाला राग आला तरी. या दिवसात कासपासून खाली सगळं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा. शेजारच्या कॅम्पवर मात्र जमिनीवरच पेटवलेली आणि त्याच्या जोडीला स्पीकर. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे तिथं कळतं, पलीकडं कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, आणि इकडं मध्यरात्री झिंग झिंग. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, पण सांगणार कोण. आमच्यातले दोघं आणि आबा बॅटरी घेऊन गेले तेव्हा कुठं बंद झाला. हा दोष या जागेचा नाही, पण झोपमोड झाली ती झाली, लॉन्ग वीकेंडला गेलात तर तयारी ठेवा.

ज्यांना वासोटा किल्ला करायचा होता ते रविवारी लवकर उठून बामणोलीला गेले, परवानगी वनखात्याची तिथंच काढावी लागते, मग बोट, मग चढण, आणि वर मुक्काम करू देत नाहीत म्हणजे संध्याकाळच्या आत परत. गर्दी प्रचंड होती म्हणे. आम्ही बाकीचे काठावर लोळलो, पोरांनी गोट्या आणि विटीदांडू खेळलं, त्यातली विटी आबांनी तिथल्या तिथं कोयत्याने तासून दिली. सोमवारी गावातल्या झेडपीच्या शाळेत झेंडावंदनाला सगळे गेलो, मुलांना बुंदी मिळाली, आमच्याही.

रेट माणशी ६०० रुपये दिवसाला, दोन्ही वेळचं जेवण आणि नाष्टा धरून, ट्रेलर आपला असेल तर. ट्रेलर उभा करायचे वेगळे काही नाहीत. दहा वर्षांवरच्या पोरांना फुल्ल, हे जरा जास्त वाटलं, पण काकूंनी पोरांना जेवढं खाऊ घातलं ते बघता मी गप्प बसलो. नेटवर्क मधेच येतं मधेच जातं, यूपीआयचं चक्र फिरत राहतं, कॅश घेऊन जा. आबा म्हणतात उन्हाळ्यात बाथरूम आणि संडास प्रत्येकी दोन वाढवणार आणि लाईटचे चार पॉइंट काढणार, पाया खणलेला मी बघितलाय पण विटा काही दिसल्या नाहीत. ते झालं की पाचपैकी साडेचार देतो, तोवर साडेतीनच.