नाला खोलीकरण की माथा ते पायथा पाणलोट?

मराठवाड्यातील गावापुढे पाणी अडवण्याचे हे दोन मार्ग असतात. पोकलेनने नाला काही दिवसांत खोल होतो, पहिल्याच पावसात तुडुंब भरतो आणि फोटोही झकास येतात. मात्र वरच्या उतारावरची माती थोपवलेली नसेल, तर तो गाळाने भरत जातो; शिवाय मुरूम ओलांडून कठीण खडकापर्यंत खोदाई केली, तर पाणी मुरण्याऐवजी आसपासच्या विहिरींचेच पाणी नाल्यात पाझरू लागते.

दुसरा मार्ग, म्हणजे डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पाणी व माती अडवत येणे, संथ आहे. जालना जिल्ह्यातील कडवंचीत 1990 च्या दशकात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी होत्या. माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारे हा क्रम गावाने एकत्र बसून पाळला, तरच साधतो. यंत्राला ग्रामसभा लागत नाही, हीच माझ्या मते त्याची उणीव आहे.

तरीही चराईबंदीचा भार भूमिहीन शेळीपालकांवर पडतो (बागायतदाराला तिची झळ बसत नाही, उलट ती सोयीचीच ठरते). राखलेल्या माळावरचे गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांना ठरावातच लिहून दिला पाहिजे.